रबाळ्याहून एडब्ल्यूएस डायरेक्ट कनेक्ट : पोर्ट चोख, मधली फायबर तुमची तुम्ही बघा

डायरेक्ट कनेक्ट म्हणजे तुमच्या नेटवर्कपासून अमेझॉनच्या क्लाउडपर्यंत (एडब्ल्यूएस) इंटरनेट टाळून जाणारी खासगी लाइन. नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये तुमचा रॅक (सर्व्हरचं कपाट) असेल तर त्यासाठी खाडीपलीकडे जायची गरज नाही. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनला जोडणारं एक ठिकाण रबाळ्यातच, सिफीच्या डेटा सेंटरमध्ये आहे. दुसरं चांदिवलीला, पूर्वीचं जीपीएक्स, आताचं इक्विनिक्स. रॅक त्याच इमारतीत असेल तर एका क्रॉस कनेक्टवर (इमारतीतल्या इमारतीत ओढलेली केबल) काम भागतं. शेजारच्या इमारतीत असेल तर मधला तुकडा कॅरियरकडून (फायबर पुरवणारी कंपनी) घ्यावा लागतो, आणि डोकेदुखी बहुतेक त्याच तुकड्यात असते.

‘प्रायव्हेट’ म्हणजे एन्क्रिप्टेड नव्हे, हे ऑर्डर देण्याआधीच साहेबांच्या कानावर घाला. डेटा इंटरनेटवरून जात नाही, एवढंच. ऑडिटरला एन्क्रिप्शन दाखवायचं तर मॅकसेक (लाइनवरचं एन्क्रिप्शन) चालणारा डेडिकेटेड पोर्ट, म्हणजे फक्त तुमचा पोर्ट घ्या, नाहीतर वरून आयपीसेक (व्हीपीएनचं एन्क्रिप्शन) चढवा. इथे पैसे मोजायचे ते स्थिर लेटन्सीसाठी (डेटा पोचायला लागणारा वेळ) आणि क्लाउडमधून बाहेर येणाऱ्या डेटाच्या कमी दरासाठी. रात्रीचा एखादा छोटा बॅकअप एवढंच काम असेल तर साधा व्हीपीएन पुरे.

डेडिकेटेड पोर्ट १, १०, १०० आणि ४०० जीचे (गिगाबिट प्रति सेकंद) असतात, पण प्रत्येक ठिकाणी सगळे मिळतीलच असं नाही. पार्टनरकडून मिळणारं होस्टेड कनेक्शन ५० एमबीपीएसपासून सुरू होतं. बहुतेक मध्यम कंपन्यांना तेच परवडतं, पण त्यावर व्हर्च्युअल इंटरफेस (लाइनवरची आभासी वाट) एकच चालतो. प्रायव्हेट (तुमच्या क्लाउडमधल्या खासगी नेटवर्ककडे) आणि पब्लिक (एडब्ल्यूएसच्या सार्वजनिक सेवांकडे) दोन्ही हवे असतील तर दोन कनेक्शनं घ्या. कोटेशनमध्ये ही गोष्ट सहसा कोणी आपणहून लिहीत नाही.

ऑर्डर दिल्यावर साधारण ७२ तासांत एडब्ल्यूएसच्या कन्सोलमध्ये एलओए (केबल जोडायचं परवानगीपत्र) उतरवता येतो. त्यावर पॅनल आणि पोर्ट नंबर असतो. तो कोलोच्या (डेटा सेंटरवाल्यांच्या) क्रॉस कनेक्ट फॉर्मला जोडायचा. तो ९० दिवसांत वापरला नाही तर रद्द होतो. पोर्टचं भाडंही लिंक लागल्यापासून किंवा ९० दिवस उलटल्यावर, जे आधी होईल तेव्हापासून सुरू होतं. म्हणजे कॅरियरने तीन महिने घोळ घातला तर न चालणाऱ्या पोर्टचं बिल तुमच्याच नावावर.

आता मीट-मी रूम, म्हणजे सगळ्यांच्या केबल जिथे एकमेकींना जोडतात ती खोली. सिंगल मोड फायबर, १० जीला एलआर (लांब पल्ल्याचं) ऑप्टिकल मॉड्यूल. राउटरवर येणारा प्रकाश उणे ४० डीबीएम (म्हणजे जवळपास काळोख) दिसत असेल तर मॉड्यूल बदलायची घाई नको. आधी एलसी कनेक्टरचे दोन धागे उलटसुलट करून घ्या. टीएक्स-आरएक्स (पाठवणारा आणि घेणारा धागा) उलटे लागणं हा सगळ्यात नेहमीचा दोष आहे. एलआरला लागणाऱ्या प्रकाशाची किमान मर्यादा उणे १४.४ डीबीएम. वाचन उणे १३ च्या आसपास असेल तर लिंक वर येते, पण सीआरसी एरर (खराब झालेली पॅकेट) वाढत राहू शकतात आणि दोष ॲप्लिकेशनवाल्यांच्या माथी जातो. क्लीनर पेनने ‘टिक’ वाजेपर्यंत दोन्ही टोकं पुसली की बरेचदा दोन-तीन डीबी परत मिळतात. १० जीवर ऑटो-निगोशिएशन (दोन टोकांनी वेग आपसात ठरवणं) बंदच हवं. १ जीवर लिंक येत नसेल तर ते चालू आणि बंद, दोन्ही करून बघा.

बीजीपीत (दोन राउटर एकमेकांना रूट, म्हणजे वाटा, कळवतात तो प्रोटोकॉल) एक खड्डा ठरलेला आहे. प्रायव्हेट इंटरफेसवर तुमच्याकडून १०० पेक्षा जास्त रूट गेले की सेशनच पडतं. कोणीतरी हाताने लिहिलेले स्टॅटिक रूट सरसकट बीजीपीत ढकलले (रिडिस्ट्रिब्यूट) की हे हमखास होतं. अनेकांचा मिळून एक असा समरी रूट पाठवा, बाहेर जाताना प्रीफिक्स लिस्टची (कोणते रूट जाऊ द्यायचे त्याची) गाळणी लावा. बीएफडी (लाइन तुटली ते चटकन ओळखणारी सोय) अमेझॉनच्या बाजूला आधीपासून चालू असतं, तुमच्या राउटरवर मात्र ते लावावं लागतं. ३०० मिलिसेकंद गुणिले ३ ठेवलंत तर बिघाड सेकंदाच्या आत कळतो, नाहीतर बीजीपीचा होल्ड टाइम (उत्तराची वाट बघायची मुदत) संपेपर्यंत ९० सेकंद पॅकेट खड्ड्यात.

जोड लाइनबद्दल सेल्सवाल्यांचं ऐकू नका. एलएजीमधले (अनेक पोर्ट बांधून केलेला एक) सगळे पोर्ट अमेझॉनच्या एकाच उपकरणावर उतरतात. त्याने बँडविड्थ वाढते, सुरक्षितता नाही. दुसरी लाइन चांदिवलीला न्यायची तर खाडी ओलांडायच्या नेहमीच्या वाटा मोजक्याच : ऐरोलीचा पूल, वाशीचा पूल, नाहीतर कळव्याकडून ठाण्याचा वळसा. दोन कॅरियर घेतले आणि दोघांच्या केबल ठाणे-बेलापूर रोडवर एकाच डक्टमध्ये (जमिनीखालची नळी) निघाल्या, तर पावसाळ्याआधीच्या खोदकामात एकच जेसीबी दोन्ही तोडतो. करारावर सही करण्याआधी दोघांकडून मार्गाची केएमझी फाइल (गुगल अर्थमध्ये उघडणारा नकाशा) मागा आणि नकाशावर एकावर एक ठेवून बघा. फाइल द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला दुसरी लाइन देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत.

व्हीपीएन बॅकअपवर भिस्त असेल तर एका स्टँडर्ड टनेलची (व्हीपीएनची एक वाट) मर्यादा १.२५ जी, हे लक्षात ठेवा. १० जीची रहदारी त्यात मावणार नाही. कन्सोलमधून बीजीपी सेशन मुद्दाम पाडून बघायची सोय आहे. रविवारी रात्री ती वापरा, आणि त्या वेळी बॅकअपचा जॉब चालू ठेवा.