मार्क की योहान? येशूच्या इतिहासासाठी कोणत्या शुभवर्तमानाचा आधार घ्यावा

येशूच्या चरित्राकडे पहिल्या शतकातील पॅलेस्टाईनच्या इतिहासाचा भाग म्हणून पाहू इच्छिणाऱ्या वाचकाला लवकरच एक निवड करावी लागते: मत्तय, मार्क, लूक आणि योहान या येशूच्या चार चरित्रग्रंथांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, कोणावर विसंबावे? गुड फ्रायडेच्या उपासनेत वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते, तेव्हा ते सलग बोलले गेल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील एकच मार्कमध्ये आहे, तीन योहानात आहेत, उरलेले तीन लूकचे आहेत, आणि मार्कचा उद्गार योहानात नाही की योहानाचे मार्कमध्ये नाहीत. मत्तय आणि लूक यांनी मार्कचाच मजकूर हाताशी घेऊन लिहिले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्यामुळे खरी तुलना मार्क आणि योहान यांचीच राहते. डेव्हिड फ्रीड्रिश स्ट्राउस या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये योहानाच्या ऐतिहासिकतेवर कठोर प्रहार केला आणि पुढे योहानाला इतिहासाच्या चर्चेतून वगळण्याची प्रथाच पडली. माझ्या मते तो निकाल अर्धाच बरोबर आहे.

काळाच्या दृष्टीने मार्क पुढे आहे. येशूला इसवी सन ३० च्या सुमारास वधस्तंभावर खिळले. मार्कचे लेखन साधारणतः इसवी सन ७० च्या, म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या आसपासचे, तर योहानाचे ९० ते १०० च्या दरम्यानचे मानले जाते. लेखकाचे नाव दोन्ही ग्रंथांच्या मजकुरात नाही. मार्क हा येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याचा दुभाष्या होता आणि त्याने आठवणी अचूक पण क्रमाने न लावता लिहून ठेवल्या, हे दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या पापियास या बिशपचे विधान चौथ्या शतकातील चर्च-इतिहासकार युसेबियसने उद्धृत केल्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचले. उलट योहानाच्या शेवटच्या अध्यायात हे लेखन येशूच्या प्रिय शिष्याच्या साक्षीवर उभे असल्याचा स्पष्ट दावा आहे. नव्या कराराच्या अभ्यासकांपैकी रिचर्ड बॉकम अशा दाव्यांना बरेच वजन देतात, बार्ट एर्मन ते अजिबात देत नाहीत. केवळ या दाव्यांच्या आधारे निर्णय होईल असे मला वाटत नाही; मजकूरच तपासावा लागतो.

येशू काय आणि कसे बोलला, हा प्रश्न असेल तर मार्ककडेच जावे. तेथे त्याचे बोलणे आटोपशीर आहे, दाखल्यांनी भरलेले आहे, देवाच्या राज्याभोवती फिरणारे आहे, आणि ‘तालीथा कूम’ (मुली, ऊठ) यांसारखे येशूच्या बोलभाषेतील अरामी शब्द ग्रीक मजकुरात तसेच राहिले आहेत. योहानात तसे दाखले नाहीत, भुते काढण्याचा एकही प्रसंग नाही, देवाच्या राज्याचा उल्लेख निकदेम या यहुदी पुढाऱ्याशी झालेल्या संवादापुरता आहे, आणि त्याऐवजी स्वतःविषयीची दीर्घ प्रवचने आहेत. त्याहून बोलकी गोष्ट अशी की योहानात येशू, बाप्तिस्मा करणारा योहान (हा शुभवर्तमानकार नव्हे, वेगळा) आणि निवेदक हे तिघेही एकाच शैलीत बोलतात; तिसऱ्या अध्यायात येशूचे बोलणे कोठे संपते आणि निवेदकाचे कोठे सुरू होते, यावर संपादकांचे आजही एकमत नाही. ही भाषा लेखकाची आहे, असेच म्हणावे लागते.

स्थळांच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. योहानात येणारे पाच पडव्यांचे बेथेस्दा तळे हे मोशेच्या पाच नियमग्रंथांचे निव्वळ प्रतीक असावे, अशी शंका पूर्वी घेतली जाई. यरुशलेममध्ये संत आन्नाच्या चर्चजवळ झालेल्या उत्खननात मधल्या भिंतीने विभागलेले जोडतळे सापडले आणि त्या भिंतीवरील पाचव्या पडवीचाही उलगडा झाला. योहानातच उल्लेख असलेल्या शिलोह तळ्याच्या पायऱ्या २००४ मध्ये उजेडात आल्या. याउलट मार्क येशूला सोरहून गालील समुद्राकडे नेताना उत्तरेच्या सिदोनमार्गे नेतो, आणि डुकरांचा कळप समुद्रात पडल्याचा प्रसंग ज्या गरसा नगराच्या मुलखात घडवतो, ते नगर त्या समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. अर्थात भूगोल जुळला म्हणून घटना खरी ठरत नाही. शनिवारवाड्याचे दरवाजे अचूक सांगणाऱ्या कादंबरीतले संवाद काही त्यामुळे खरे होत नाहीत.

कालक्रमाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मार्कमध्ये वल्हांडण, म्हणजे मिसरातून सुटकेच्या आठवणीचा यहुद्यांचा वार्षिक सण, एकदाच येतो, योहानात तीनदा, म्हणजे येशूची सेवा निदान दोन वर्षांची. पण अटकेच्या वेळी ‘मी दररोज मंदिरात शिकवत होतो’ असे मार्कचाच येशू म्हणतो, आणि त्याचा यरुशलेममधला वावर मार्कने दाखवलेल्या थोड्या दिवसांपेक्षा अधिक असावा असे त्यातून डोकावते. मंदिरातील व्यापाऱ्यांना हाकलण्याचा प्रसंग मार्क शेवटच्या आठवड्यात ठेवतो, योहान आरंभीच. ही घटना दोनदा घडली अशी तडजोड मला पटत नाही. अटकेचे कारण मार्कच्या क्रमातून समजते, योहानाच्या क्रमातून समजत नाही.

मृत्यूच्या दिवसाबद्दलही मतभेद आहे. मार्कनुसार शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते, म्हणजे मृत्यू सणाच्या दिवशी झाला. योहानानुसार येशूला वल्हांडणाच्या पूर्वतयारीच्या दिवशी, सणाची कोकरे कापली जात असताना, खिळले गेले. येशूला देवाचे कोकरू म्हणणाऱ्या लेखकाला हा दिवस फारच सोयीचा आहे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही सणाच्या रात्री संपूर्ण न्यायसभा भरवून खटला चालवल्याचे मार्कचे चित्र पटण्यास कठीण आहे, आणि माजी महायाजक हन्नाकडे चौकशी, मग महायाजक कयफा, मग रोमन सुभेदार पिलात हा योहानाचा साधा क्रम अनेक इतिहासकारांना अधिक संभाव्य वाटतो. पिलाताच्या काळातील मृत्युदंडाला तर रोमन इतिहासकार टॅसिटसचाही दुजोरा आहे.

निर्णयापूर्वी आणखी एक बाब पाहावी. योहानाने मार्क वाचला होता का? १९३८ मध्ये इंग्रज अभ्यासक गार्डनर-स्मिथ यांनी तो स्वतंत्र असल्याची बाजू मांडली आणि ती बराच काळ टिकली. नंतर बेल्जियममधील लुव्हेनच्या अभ्यासकांनी, विशेषतः फ्रान्स नेरिंक यांनी, उलट बाजू जोरकसपणे मांडली. पाच हजारांना जेवण दिल्यानंतर पाण्यावर चालणे हा क्रम दोघांत सारखा आहे, त्या भाकरींसाठी २०० दीनारांचा (रोमन चांदीची नाणी) अंदाज दोघांत आहे, आणि यरुशलेमजवळच्या बेथानी गावातील सुगंधी तेलाची ३०० दीनार ही किंमतही दोघांत आहे. हे आकडे मला उसनवारीचेच वाटतात. तसे असेल तर जेथे दोघे एक बोलतात तेथे दोन साक्षीदार मोजता येणार नाहीत, आणि योहानाचे स्वतःचे मोल त्याने मार्कपासून फारकत घेतलेल्या हन्नापुढील चौकशीसारख्या ठिकाणीच पारखावे लागेल.