पी अँड आयचं सर्टिफिकेट खोटं निघालं: ८,०७,१२० रुपये गेले, बार्ज जेटीवर अडकली

बेळगाव-खानापूरकडच्या ज्या मंडळींनी गोव्यात भागीदारीत बार्ज घेतल्या आहेत, त्यांनी आपलं पी अँड आयचं, म्हणजे जहाजामुळे दुसऱ्यांच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचं, सर्टिफिकेट आजच्या आज कपाटातून बाहेर काढावं. आमचं, एका दलालाने काढून दिलेलं, खोटं निघालं. प्रीमियम ६,८४,०००, त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी १,२३,१२०, मिळून ८,०७,१२० रुपये आरटीजीएसने गेले आणि हातात राहिला एक रंगीत छापील कागद.

पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. याच माणसाने आदल्या वर्षी बार्जचा हल अँड मशिनरी (सांगाडा आणि यंत्रसामग्री) विमा काढून दिला होता. तो खरा होता, शाखेत जाऊन पॉलिसी नंबर पडताळलेला होता. म्हणूनच पुढचा कागद कोणी उलटून पाहिला नाही. पहिला व्यवहार चोख करून विश्वास कमवायचा आणि दुसऱ्यात हात मारायचा, ही यांची जुनीच रीत. ‘गेल्या वर्षी बरोबर होता’ हा पुरावा धरू नका.

हल विमा आणि पी अँड आय यांतला फरक ट्रकधंद्यातून आलेल्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. ट्रकला एकाच पॉलिसीत थर्ड पार्टी येतं, जहाजाला येत नाही. हल पॉलिसी आपल्या बार्जचं नुकसान भरते. दुसऱ्या जहाजाला धडक बसली तर नेहमीच्या कलमांप्रमाणे त्या देण्याचे तीन चतुर्थांश भरते. उरलेला चतुर्थांश, खलाशांची दुखापत, तेलगळती, बुडालेली बार्ज उचलण्याचा खर्च आणि जेटी, बोया यांसारख्या वस्तूंचं नुकसान हे सगळं पी अँड आयकडे जातं. कांदोळीच्या किनाऱ्यावर जून २००० मध्ये रुतलेलं ‘रिव्हर प्रिन्सेस’ आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी सहलीला गेल्यावर पाहिलंय. दहा वर्षं उलटली तरी ते तिथंच होतं. जहाज हलवायचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न असा चिघळतो.

आमची बार्ज ओहोटीच्या ओढीत जेटीवर घासली. धक्का झेलणारे दोन फेंडर निखळले, दोर बांधायचा एक बोलार्ड मुळापासून हलला, काँक्रीटची कड सात मीटर फुटली. जेटीवाल्यांचा दावा आला ३१,७५,००० रुपयांचा. हल कंपनीने कळवलं की जेटी म्हणजे जहाज नव्हे. तिचं बरोबरच आहे. मग पी अँड आयचा कागद काढला आणि त्यावर नाव असलेल्या परदेशी क्लबच्या (हा विमा देणाऱ्या जहाजमालकांच्या संस्थेच्या) इथल्या प्रतिनिधीला फोन केला. पाच मिनिटांत उत्तर आलं, या नावाची बार्ज आमच्याकडे नोंदच नाही.

आता ती ओळ, जिच्यावर तेव्हाच बोट ठेवायला हवं होतं. सर्टिफिकेटवर मुदत छापली होती, ‘१ एप्रिल ते ३१ मार्च’. इंटरनॅशनल ग्रुप या अशा क्लबांच्या संघटनेतल्या बाराही क्लबांचं विमावर्ष २० फेब्रुवारीला दुपारी बारा वाजता, ग्रीनिच वेळेप्रमाणे, सुरू होतं. आपल्या घड्याळात सायंकाळचे साडेपाच. मध्येच नोंद केली तरी मुदत संपते ती २० फेब्रुवारीलाच. ठरीव प्रीमियमचं कव्हर कुठल्याही तारखेपासून मिळतं, पण मग त्यात ‘म्युच्युअल’ (सभासदांनी मिळून जोखीम वाटून घेणं) आणि ‘सप्लिमेंटरी कॉल’ (नंतर मागितली जाणारी जादा वर्गणी) हे शब्द येत नाहीत. आमच्या कागदावर हे दोन्ही शब्द होते आणि वर मार्चअखेरची मुदत. बनवणाऱ्याने आपल्या हिशेबाचं वर्ष तिथं घातलं आणि आम्हाला ते ओळखीचं वाटलं, म्हणून डोळा त्यावरून सरकला. ती ओळ आठवली की अजून अंगाची आग होते.

पैशाची वाट हा दुसरा पुरावा. भारतातून परदेशी पी अँड आय क्लबचं सभासदत्व घ्यायचं तर फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत त्या रकमेसाठी अर्थ मंत्रालयाच्या विमा विभागाची परवानगी लागते आणि पैसे बँकेमार्फत परकीय चलनात जातात. रुपयात, बेळगावातल्या एका चालू खात्यावर, कधीच जात नाहीत. परदेशी क्लब आपल्या बिलात १८ टक्के जीएसटीही लावत नाही, तो रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा असतो. बिलावरचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होत होता, म्हणजे कर्नाटकाचा. लंडनच्या क्लबच्या बिलावर कर्नाटकाचा क्रमांक!

खऱ्या क्लबची नोंद असती तर क्लबने हमीपत्र दिलं असतं आणि जेटीवाल्यांनी ते बहुधा मानलं असतं. ते नव्हतं म्हणून २०१७ च्या ॲडमिरल्टी (सागरी दावे) कायद्याखाली बार्जला अटक झाली, म्हणजे न्यायालयाच्या हुकमाने ती रोखून ठेवली. कर्नाटक उच्च न्यायालयालाही हा अधिकार आहे, पण जहाज ज्या पाण्यात उभं तिथलंच न्यायालय लागतं, म्हणजे मुंबई उच्च न्यायालय. सुटकेसाठी बँक गॅरंटी द्यावी लागली. बँकेने शंभर टक्के मार्जिन मागितलं, म्हणजे ३१,७५,००० ची ठेव अडकली. बार्ज १९ दिवस उभी राहिली. त्या काळातला खलाशांचा पगार आणि शिधा २,१०,०००, वकील ३,६०,०००. प्रीमियम धरून हातचे गेलेले १३,७७,१२० रुपये.

आणि तक्रार? इथल्या ठाण्यात सांगितलं, बार्ज गोव्यात आहे, तिकडं जा. चोर्ला घाट उतरून तिकडं गेलो तर म्हणाले, खातं बेळगावचं, परत जा. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. ते कलम छापून समोर ठेवलं तेव्हा इथल्या ठाण्याने अर्ज मराठीत आहे म्हणून कन्नड भाषांतर मागितलं. भाषांतर करून आणलं तर त्यावर नोटरी हवी. एवढ्यात अकरा दिवस गेले आणि त्या खात्यात शिल्लक उरली नाही. विम्याच्या वरच्या एका कार्यालयाने लेखी कळवलं की सदर इसम आमच्याकडे नोंदणीकृत नाही, सबब तक्रार आमच्या कक्षेत येत नाही. नोंदणी नसताना विमा विकला, हीच तर तक्रार होती! विमा लोकपालांकडे भागीदारी फर्मला जाता येतं ते ती सूक्ष्म उद्योगात बसली तरच, आणि आमची बसत नाही.

क्लबच्या संकेतस्थळावर जहाज शोधायची सोय असते, तिथं बार्जचं नाव टाका. सापडलं नाही तर दलालाला न विचारता थेट क्लबला ईमेल करा, आणि पत्ता सर्टिफिकेटवरचा नको, संकेतस्थळावरचा घ्या. ब्रोकरचा नोंदणी क्रमांक इर्डाईच्या (विमा नियामकाच्या) यादीत बघा. भारतीय कंपनीची पॉलिसी असेल तर प्रीमियम कंपनीच्याच खात्यावर भरा, कारण विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे प्रीमियम पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. फसवणूक कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, ठाण्याची वाट बघू नका. आणि धडक झाली की सारंगाला (बार्ज चालवणाऱ्याला) कुठल्याही कागदावर चूक कबूल करू देऊ नका, फोटो आणि लॉगबुकची नोंद त्याच दिवशी घ्या.

हाच माणूस कारवार आणि रेडीकडेही फिरतो असं कानावर आलंय. कागद निळ्या किनारीचा आहे, उजव्या कोपऱ्यात नांगराचा शिक्का आहे आणि मुदत १ एप्रिलपासूनची आहे. तसा कुणाकडे असेल तर बार्ज धक्क्यावरून सोडण्याआधी क्लबला विचारा.