चटणी बांधून न्यावी की तिकडे करावी?

जर्मनीला शिकायला निघालेल्या पोराच्या बॅगेत कोल्हापुरात आधी पडते ती कांदा-लसूण चटणी. न्यावीच. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटपणाला संकेश्वरी, वर तीळ, खोबरं, धणे. सगळं भाजून डंकावर कुटलेलं. फोडणीत चमचाभर टाकली की नवशिक्याचीही आमटी जमते. तेल सुटतं, म्हणून पिशवी दुहेरी. (तूप मात्र घरीच ठेवा, युरोपीय संघात बाहेरून दुधा-मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत.)

तिकडे करायची तर मिरची भाजताना ठसका, शिवाय होस्टेलचा धुराचा अलार्म. पण हात बसतो तो त्यानंच. माझं मत, पहिल्या सत्राला घरची चटणी, पुढं हळद-जिरं-धण्यावर साधी भाजी शिकावी. तांबड्या रश्श्याचा नाद सुट्टीत, घरी आल्यावर.