ड्रायर फिरतो, पण तापत नाही: इग्नायटर बदलावा की कॉइल?

अमेरिकेतल्या घरात गॅसचा ड्रायर असेल, तर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. ड्रम फिरतो, पण तासाभराने टॉवेल ओलेच. आमच्याकडे असं झालं तेव्हा मी आधी इग्नायटर, म्हणजे तापून गॅस पेटवणारा भाग, मागवला. तुम्ही तसं करू नका. खालची पट्टी काढून ड्रायर चालवा आणि बर्नरकडे (गॅस जळतो तिथे) नीट बघा.

इग्नायटर लालभडक होतो, ज्योत न पेटताच विझतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तापतो? मग तो बहुधा ठीक आहे. दोष गॅस व्हॉल्व्हवरच्या, तो विजेवर उघडणाऱ्या कॉइलचा. पहिल्यांदा नीट पेटतं, कॉइल गरम झाल्या की व्हॉल्व्ह उघडेनासा होतो. थंड असताना त्या मल्टिमीटरवर चांगल्या दिसतात, म्हणून मीटरवर विसंबू नये. सगळ्या एकदमच बदला.

लालीच नसेल, तर इग्नायटर तडकलेला असू शकतो. फ्लेम सेन्सर (बर्नरची उष्णता ओळखणारा भाग) आणि जास्त तापल्यावर उडणारा फ्यूजही तपासा. फ्यूज उडाला असेल तर बाहेर जाणारी नळी लिंटने (कपड्यांच्या तंतूंनी) तुंबली आहे का ते बघाच. नवा इग्नायटर फार ठिसूळ असतो, त्याच्या करड्या भागाला बोट लावू नका.

काहीही उघडण्याआधी किंवा बदलण्याआधी प्लग काढा, गॅसची तोटी बंद करा; बर्नर बघण्यापुरतंच दोन्ही पुन्हा चालू करा. गॅसचा वास आला तर मात्र सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि तिथूनच गॅस कंपनीला फोन करा.