कोकोपीटचे पैसे वाचवा, शेलरचं तूस आणा

निकाल आधीच सांगते. कोकणातल्या पावसाळ्यात परसातल्या कोंबड्यांखाली पसरायला भातगिरणीतल्या शेलर यंत्राच्या तुसाइतकं, म्हणजे भाताच्या टरफलांइतकं, चांगलं दुसरं काही नाही. रंध्याचा भुसा मिळाला तर तोही चालेल. कोकोपीटला, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुग्याला, मात्र माझ्याकडून पाचांपैकी दोन गुण, आणि तेही नंतर ते माझ्या कुंड्यांच्या कामी आलं म्हणून.

माझं खुराडं कुडाळजवळ, घराच्या मागल्या अंगाला. चिऱ्याचं जोतं, लाकडी चौकट, जाळी, वर मंगलोरी कौलं. सहा बाय चार फुटांत डझनभर कोंबड्या, बहुतेक गावठी, तीन-चार गिरीराज जातीच्या. दिवसभर त्या आवारात उंडारतात आणि तिन्हीसांजेला आत येतात. नुसतं झोपायला तर येतात, मग घाण ती किती होणार, असं नव्या माणसाला वाटतं. पण कोंबडी झोपेतही शिटते. रात्रभर बसायच्या दांडीखाली जो ढीग साचतो तो सकाळी बघा, म्हणजे खाली काय पसरायचं याला एवढं महत्त्व का ते कळेल.

कोकोपीट मी ऑनलाइन मागवलं होतं. पाच किलोची दाबलेली वीट, पाण्यात टाकली की फुगते, मग उन्हात वाळवून पसरायची. विकणाऱ्याने लिहिलं होतं, वास शोषून घेतं, महिनोन्‌महिने बदलायला नको. मे महिन्यात खरंच तक्रार नव्हती. मऊ, तपकिरी, दिसायलाही छान, कोंबड्या त्यात मजेत लोळायच्या. पाऊस धरला आणि खेळ संपला. कोकोपीट आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं, नर्सरीवाले त्यासाठीच तर ते वापरतात. खुराड्यात हाच गुण अंगाशी येतो. शीटेतलं पाणी, भांड्यातून सांडलेलं पाणी, हवेतला दमटपणा, सगळं ते पिऊन बसतं आणि आठ-आठ दिवस ऊन नाही म्हटल्यावर सोडत काही नाही. आषाढात खुराड्यात पसरलेली ही गादी चहाच्या चोथ्यासारखी झाली होती.

ओल्या गादीचं दुखणं नुसत्या वासाचं नाही. शीटेवरचा पांढरा भाग म्हणजे यूरिक ॲसिड. ते कोरडं राहिलं तर फार त्रास देत नाही. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. आपण उभे असतो तेव्हा तो तितकासा कळत नाही. खाली बसून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला नाक न्या, डोळे चुरचुरले तर समजा की ती बिचारी रात्रभर तेच हुंगतेय. दुसरं म्हणजे पिल्लांची रक्ती हगवण, डॉक्टर ज्याला कॉक्सिडिओसिस म्हणतात. तिच्या जंतूंची अंडबीजं शीटेतून बाहेर पडतात आणि ओलावा, ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात. कोरड्या गादीत त्यांना हे जमत नाही. म्हणून पाणी पिणाऱ्या गादीपेक्षा मला चटकन वाळणारी गादी हवी. घाटावरची गोष्ट वेगळी. सोलापूरला माझा मावसभाऊ कोकोपीटच वापरतो आणि त्याचं उत्तम चाललंय, कारण तिथली हवाच दिवसभरात ते सुकवते.

आता तूस. गिरणीत गेल्यावर पहिला प्रश्न आला, “वयनी, शेलराचा तूस व्हया काय हलराचा?” हा प्रश्न कोणी विचारला नाही तर तुम्ही विचारा, कारण सगळी गंमत त्यातच आहे. जुन्या हलरमध्ये साल आणि कोंडा एकत्रच भरडून निघतो. तो हातात घेतला की पिठासारखा चिकटतो, धूळ उडते, कोंबड्या तो निवडून खातात, उंदीर येतात आणि पावसात त्याला बुरशी धरते. रबरी रुळांच्या शेलरमध्ये भाताची नुसती साल सुटते, कोंडा नंतर वेगळा निघतो. तिथलं तूस तळहातावर ओता: अख्खी, सोनेरी, दोन्ही टोकांना निमुळती, आतून पोकळ टरफलं. मूठ दाबून उघडली की सुळकन सुटी होतात. त्यांच्यात सिलिका भरपूर, त्यामुळे ती फारसं पाणी पीत नाहीत आणि लवकर कुजतही नाहीत. पोकळीतून हवा खेळते आणि शीट वरच्या वर सुकते. टोचतं का? थोडं. अगदी लहान पिल्लं ते दाणे समजून गिळू बघतात, म्हणून पहिले काही दिवस तुसावर वर्तमानपत्र अंथरते आणि रोज बदलते.

भुशाबद्दल थोडक्यात. सॉ मिलचा बारीक भुसा घेऊ नका, तो कोंबड्यांच्या नाकातोंडात जातो आणि ओला झाला की लाद्या धरतो. सुताराकडे रंधा मारताना कुरळ्या साली पडतात त्या चांगल्या. पण सुताराला विचारून घ्या. हल्ली निम्मं काम प्लायवूड आणि एमडीएफचं असतं आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. तसला भुसा फुकट मिळाला तरी नको.

तूस दोन-तीन इंच पसरते आणि दांडीखाली वेगळी सोय ठेवते. तिथे जुना फ्लेक्स. आमच्या नाक्यावर दर महिन्याला कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो, त्यामुळे फ्लेक्सला तोटा नाही. सध्या एक भावी आमदार हात जोडून कोंबड्यांखाली उभे आहेत. त्यावर चुलीची राख भुरभुरवायची, सकाळी गुंडाळून बादलीत झटकायचा, पाण्याचा फवारा मारायचा, संपलं. या एका कामाने गादीवरचा निम्मा भार जातो. फ्लेक्स रोज सकाळी झटकला जातो म्हणून तिथे राख चालते, गादीत मात्र मिसळू नका. राख काय आणि चुना काय, ओल्या शीटेत पडले की अमोनिया उलट जास्त सुटतो. चुना मी फक्त खुराडं रिकामं करून धुतल्यावर भिंतींना आणि जमिनीला लावते.

बाकी गादी खालीवर करायचं काम कोंबड्यांकडूनच करून घ्या. संध्याकाळी मूठभर कणी तुसात फेकली की त्या सगळं उकरून काढतात. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा, कारण सगळ्यात आधी ओल धरते ती त्याच्या खाली. तिथली खपली फावड्याने काढायची आणि नवं तूस घालायचं. मूठ दाबल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली, फुटला तर ठीक. आणि अधूनमधून तपकिरी, चिकट, भयंकर घाण वासाची शीट दिसली तर घाबरू नका. ती आंधळ्या आतड्यातून, म्हणजे आतड्याच्या एका टोकाला बंद असलेल्या फाट्यातून येते, निरोगी कोंबडीलाही रोज होते. गादी काढताना नाकातोंडाला फडकं बांधा, वाळलेल्या शीटेची धूळ वाईट.

जुनी गादी मी मेच्या शेवटी एकदम काढते. ताजी घातलीत तर रोपं करपतात. सावलीत ढीग करून, पाणी शिंपडून, दोन-तीनदा उलटा. शीट कुजून जाते, तूस बरंचसं तसंच राहतं, पण त्याने माती भुसभुशीत होते. माझ्या सुरणाला आणि माडांना ते चांगलंच मानवलंय.

तुसाची एकच खरी अडचण आहे, ते हवं तेव्हा मिळत नाही. भात दिवाळीच्या आगेमागे घरात येतं, गिरणी जोरात चालते ती त्यानंतर, आणि वीटभट्टीवाले टेम्पो भरून तूस उचलतात. जूनमध्ये गेलात तर कोपऱ्यात झाडून काढलेलं, भिजकं काहीतरी हाती पडेल. फेब्रुवारीपर्यंतच पावसाळ्याची बेगमी करा. मला गोणीला चाळीस रुपये पडतात, गोण आपली न्यायची. पन्नास किलो तांदळाच्या गोणीत तूस दहा किलोही मावत नाही, त्यामुळे वजनाने नाही, गोणीनेच भाव ठरवा. रिक्षावाल्याला आधी सांगून ठेवा, कारण तूस सीटच्या फटीत शिरलं की पुढच्या वेळी तो थांबत नाही.