पुराच्या दिवशी उडालेलं विमान आणि माझे ८ लाख २७ हजार ५००

आधी रक्कम सांगून टाकतो, म्हणजे ज्याला हसायचंय त्यानं एकदाच हसून घ्यावं. ८ लाख २७ हजार ५००. त्यात विमानाचे ७ लाख ४१ हजार, "कागदपत्रांचे" ६२ हजार ५०० आणि टेम्पोचे २४ हजार. टेम्पोवाला तेवढा प्रामाणिक निघाला, ठरलेल्या वेळेला आला आणि ठरलेलेच पैसे घेऊन गेला.

विमान म्हणजे काय मोठं नव्हतं. ट्राईक. वर कापडी त्रिकोणी पंख, खाली तीन चाकांचा सांगाडा, मागं इंजिन आणि पंखा, दोन माणसं एकामागं एक बसतात आणि समोरचा दांडा ओढून-ढकलून उडवायचं. मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे अगदी हलक्या विमानांत मोडतं. कोल्हापुरात कुणाला सांगितलं तर पहिला प्रश्न "येडा झालायस का" आणि दुसरा "मला बसवशील का". पण हे खूळ माझं आजचं नाही. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा, आणि आमचे आजोबा तिथं पहिल्यांदा विमान बघायला चालत गेलेले, ते ऐकत मोठा झालोय. बेंगळुरूजवळ जाऊन, वर्कशॉप चारचार दिवस पोरांवर टाकून, १८ तास शिकलो पण. म्हणजे मी काय हौशी गंमत म्हणून पैसे उडवणारा नव्हे. नवं घ्यायची ऐपत नाही म्हणून जुनं बघत होतो, यात हाव कुठं आली? घरातले सगळे हावच म्हणतात.

फसवायची पद्धत तुम्हाला माहिती आहेच, ती काय नवीन सांगत नाही. जाहिरात, गोड बोलणं, "एअरफोर्समधून रिटायर झालोय", मुलगा परदेशात, आता वय झालं, योग्य माणसाच्या हातात जावं एवढीच इच्छा, पैशाचं काय नाही हो. आणि दुसरं गिऱ्हाईक हैदराबादहून शनिवारी येतंय, हे पण ओघानं आलंच. हे सगळं मी इतरांच्या बाबतीत ऐकून "लोक इतके बावळट कसे" म्हणायचो. आता इतर लोक म्हणतात.

मशीन निपाणीच्या पुढं एका पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बघायला गेलो. रोटॅक्स ५८२ इंजिन, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं. ओव्हरहॉल, म्हणजे सगळं खोलून दुरुस्ती, होऊन फक्त ११२ तास झालेत असं विकणारा म्हणाला. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, या इंजिनाला कंपनी ३०० तासांनी ओव्हरहॉल सांगते, म्हणजे ११२ तासांचं इंजिन मिळणं म्हणजे अजून तीन-चार वर्षं आरामात. चालू करून दाखवलं. आवाज गोड होता. टू-स्ट्रोकचा आवाज गोड असतोच, आम्ही सगळी आरएक्स हंड्रेडवर वाढलेली पोरं, तिथंच अर्धा विरघळलो.

आता तो क्षण. रोज रात्री झोपताना हाच आठवतो म्हणून नीट लिहितो.

त्यानं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही काढली. हिरव्या कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली, एकदम खरी वाटणारी. मी पानं उलटतोय आणि बोट थांबलं ७ ऑगस्ट २०१९ या तारखेवर. "स्थानिक उड्डाण, १ तास १५ मिनिटं." ठिकाण शिरोळ तालुक्यातली एक खाजगी धावपट्टी. त्यावेळी मशीन तिकडं होतं म्हणे.

७ ऑगस्ट २०१९. कोल्हापूरच्या माणसाला ही तारीख सांगायची गरज आहे का? पंचगंगा शहरात शिरलेली, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, गाड्यांच्या रांगा, आणि अख्खा शिरोळ तालुका पाण्याखाली. माझी सख्खी बहीण नृसिंहवाडीजवळ दिली आहे. त्या दिवशी ती, दाजी आणि दोन लेकरं शेजाऱ्याच्या स्लॅबवर बसून होती आणि मी इकडं कोल्हापुरात हायवे बंद म्हणून नुसता फोनला चिकटून, तिच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत. आणि त्याच दिवशी, त्याच तालुक्यातून हा गडी सव्वा तास हवेत मजा करून आला?

मी विचारलं. नाही असं नाही. म्हटलं, "साहेब, तेव्हा तर पूर होता की हो." तो हसला. म्हणाला, "अहो, आम्ही रोज कुठं लिहितो, आठवड्याच्या एंट्र्या एकदम करतो, तारीख पुढंमागं झाली असंल." आणि मला पटलं! का पटलं सांगू? कारण माझ्या वर्कशॉपचं जॉब रजिस्टर पण आम्ही शनिवारी संध्याकाळी एकदम भरतो. माझ्याच आळसानं त्याचं खोटं मला खरं वाटायला लावलं. पण पूर काय एका दिवसाचा होता का? आठवडा मागं घ्या नाहीतर पुढं, पाणीच होतं. हा हिशेब मला निपाणीच्या शेडमध्ये सुचला नाही, घरी परत येताना कागलजवळ चहा पिताना सुचला, आणि तोवर ५१ हजार टोकन यूपीआयनं गेले होते. मग मनाची समजूत घातली की टोकन दिलंय तर आता शंका कशाला.

लॉगबुक असं एकेक एंट्री बघून वाचू नका, दोनचार वर्षांची पानं सलग बघा. पाच वर्षं एकच पेन, एकच शाई, एकच हात. नंतर नीट बघितलं तर एप्रिल २०२० मध्ये पण तीन उड्डाणं आहेत. लॉकडाऊनमध्ये! दूध आणायला गेलो तर पोलीस काठी घेऊन उभे होते.

आणि नंबर. इंजिनावरच्या नंबरातल्या ३ आणि ८ ची उंची जराशी वेगळी होती, हातानं पंच मारल्यावर होते तशी. २३ वर्षं उद्यमनगरात दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन चालवतोय, असे पंच रोज हातात असतात, आणि मला ते दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं. बघायचं नव्हतं.

पैसे कसे गेले ते पण लिहितो. ५१ हजार टोकन. मग ५ लाख आरटीजीएस, पुण्यातल्या एका बँकेतल्या खात्यावर. मग मशीन उचलताना १ लाख ९० हजार रोख. रोख का, तर त्यानंच समजावलं की दोन लाख किंवा वर रोख घेणं कायद्यात बसत नाही, आपण नियमात राहू. चोर मला कायदा शिकवत होता आणि मी मनात म्हणतोय, बघा किती सरळ माणूस आहे. सौदा ८ लाख ५० हजारांचा, म्हणजे १ लाख ९ हजार माझ्या हातात राखून ठेवलेले, नाव ट्रान्सफर झाल्यावर द्यायचे. त्यामुळं मी लई हुशार समजत होतो स्वतःला. अरे, ज्याला ७ लाख ४१ हजार मिळाले तो उरलेल्या एक लाखासाठी परत तोंड दाखवेल का? राखून ठेवलेली रक्कम इतकी पाहिजे की ती सोडताना समोरच्याला दुखलं पाहिजे.

६२ हजार ५०० "एनओसी आणि नावबदल" म्हणून दिल्लीच्या एजंटाला. खातं तिसऱ्याच नावाचं. खात्याचं नाव आणि माणसाचं नाव वेगळं असेल तर तिथंच फोन ठेवा, कारण काहीही सांगू दे.

मशीन जानेवारीत घरी आलं. आईनं नारळ फोडला, पंखावर हळदीकुंकू वाहिलं, गल्लीतली पोरं फोटो काढायला. बायको एकच वाक्य बोलली, "कागद कुठायत?" कागद येणार होते. पंधरा दिवसांत. मग महिन्यात. मग फोन बंद.

तेव्हा कुठं मी बेंगळुरूच्या माझ्या सरांना रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटचा फोटो पाठवला. आधी का नाही पाठवला? कारण मला वाटलं ते म्हणतील माझ्या ओळखीतलं घे, त्यात त्यांचं काही कमिशन असेल. असला विचार मी केला, लाज वाटते लिहायला. सरांचा दहा मिनिटांत फोन आला. व्हीटी (भारतातल्या विमानांच्या नंबराची सुरुवात) पुढचा जो नंबर होता तो खरा होता, पण तो दुसऱ्याच विमानाचा. रजिस्ट्रेशनवर मालकाचं नाव असतं, मशीन कुठल्या कंपनीचं ते असतं, निर्मात्याचा सीरियल नंबर असतो, ते तिन्ही मशीनशी आणि समोरच्या माणसाच्या आधारशी जुळवून बघायचं आणि तो नंबर कुणाच्या नावावर आहे हे पैसे द्यायच्या आधी डीजीसीएकडं, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याकडं लेखी विचारायचं. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, रंगीत झेरॉक्सवर तर अजिबात नाही. कागद नसलेलं विमान म्हणजे भंगार, उडवलं तर गुन्हा तुमच्यावर.

मग मी इंजिन उघडलं. आधी उघडायला पाहिजे होतं, माहिती आहे, सांगू नका. रिंगा चिकटलेल्या, पिस्टनवर उभे ओरखडे, क्रँकच्या बेअरिंगवर गंजाचे खड्डे. हे ११२ तासांचं इंजिन असेल तर मी पैलवान. टू-स्ट्रोक हवेत सीझ, म्हणजे जाम झालं तर साइडला घेऊन मेकॅनिकला फोन करायची सोय नसते. पण खरा घाम फुटला तो वरचा बोल्ट बघून. ट्राईकमध्ये सगळा सांगाडा, इंजिन, दोन माणसं, पंखाला एका ठिकाणी टांगलेली असतात. तो बोल्ट विमानाच्या दर्जाचा असतो, डोक्यावर खुणा असतात, ठरलेल्या तासांनी बदलायचा असतो. माझ्या मशीनवर होता तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, डोकं कोरं. वरचा नायलॉक नट इतक्या वेळा वापरलेला की हातानं फिरत होता. जुनं ट्राईक बघायला जाल तर इंजिनाच्या आवाजाच्या आधी तो बोल्ट बघा. आणि पंखाचं कापड उन्हानं विटलंय का, शिलाई ताणून तपासलीय का ते एखाद्या जाणकाराला नेऊन बघा, त्याला पाच-दहा हजार द्या, जेवण घाला. मी ते पाच हजार वाचवले.

आता पोलीस. ठाण्याचं नाव लिहीत नाही, लिहून काय उपयोग पण नाही. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "वस्तू मिळाली ना तुम्हाला?" म्हटलं, मिळाली, पण... "मग फसवणूक कुठली? हे दिवाणी मॅटर आहे." म्हटलं, साहेब, खोटं सर्टिफिकेट आहे. "ते खोटं आहे हे विमानवाल्यांनी सांगायचं, आम्ही कसं सांगणार." तिसऱ्या दिवशी दुसरे साहेब, त्यांचा पहिला प्रश्न, "विमान घरात ठेवलंय? परवानगी आहे का?" म्हणजे आता आरोपी मीच. मग हद्द निघाली. शेड कर्नाटकात, तिकडं जा. तिकडं गेलो तर पैसे कोल्हापुरातून दिले, तिकडंच द्या तक्रार. शाहू स्टेडियमवर फायनलला बॉल जेवढा फिरत नाही तेवढा माझा अर्ज निपाणी-कोल्हापूर फिरला, गोल कुणी करेना. वकिलांनी सांगितलं की हद्द कुठलीही असू दे, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, नव्या कायद्यात तर लिहूनच आहे. मी ते ठाण्यात म्हणून दाखवलं. उत्तर मिळालं, "वकिलांनाच सांगा मग घ्यायला."

बँकेत गेलो, तिथं काचेमागची पोरगी म्हणाली, "सर, आरटीजीएस तुम्हीच सही करून केलंय ना?" हो बाई, मीच केलंय, म्हणून तर आलोय. ग्राहक मंचाचं विचारलं तर वकील म्हणाले, समोरचा दुकानदार नाही, खाजगी माणूस आहे, तिथं टिकणं अवघड. सायबरच्या १९३० नंबरवर लगेच फोन केला तर पैसे पुढं सरकायच्या आत खातं थांबवता येतं. मी ४१ व्या दिवशी केला. ४१ दिवस मी वाट बघत होतो की तो फोन उचलेल, कारण फसलो हे मान्य करायचं म्हणजे बायकोसमोर मान्य करायचं.

एक गोष्ट राहिली. मार्चमध्ये सांगाडा सुटा करत होतो, निदान ॲल्युमिनियमचे पाइप विकून काही सुटतील म्हणून. खालच्या मुख्य पाइपचं टोपण काढलं, पाइप तिरका केला आणि आतून पापुद्रे पडले. काळे, वाळलेले. हातात चुरले आणि वास घेतला. तो वास मला ओळखायला लागत नाही. २०१९ च्या पुरानंतर बहिणीच्या घरातून आम्ही आठ दिवस फावड्यानं तोच गाळ काढलाय, कपाटातून, देव्हाऱ्यातून, तिच्या शिलाई मशीनच्या आतून. ७ ऑगस्टला हे विमान सव्वा तास हवेत नव्हतं, पाण्याखाली होतं.

तो गाळ बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरला, वर तारीख लिहिली आणि लॉगबुकाच्या त्या पानाच्या झेरॉक्ससकट पुरावा म्हणून ठाण्यात घेऊन गेलो. साहेबांनी बाटली उजेडात धरून बघितली, शेजारच्या हवालदाराला दाखवली, दोघं हसले. येत्या मंगळवारी परत बोलावलंय. येताना आधारची झेरॉक्स आणा म्हणाले, बाटली आणू नका.