पावतीवरचे दोन शब्द

गेल्या वर्षी तुलूझमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका चित्रापायी माझे चौदाशे युरो गेले. फ्रान्समध्ये राहणाऱ्या किंवा इथे फिरायला येऊन असं काही घेऊ पाहणाऱ्या आपल्या माणसांनी हे जरूर वाचावं.

चित्र होतं कोलिउरच्या बंदराचं. स्पेनच्या सीमेजवळचं हे मच्छीमारांचं गाव. १९०५ च्या उन्हाळ्यात आंरी मातिस आणि आंद्रे देराँ इथे राहून चित्रं काढत होते. लाल वाळू, गुलाबी पाणी, निळी झाडं. त्याच वर्षी पॅरिसच्या शरदऋतूतल्या प्रदर्शनाच्या वेळी समीक्षक लुई व्होसेलने या मंडळींना ‘फोव्ह’, म्हणजे हिंस्र जनावरं म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मी मूळची हर्णैची. रंगवलेल्या होड्या बघतच वाढले. त्या चित्रापुढून माझा पाय निघेना आणि विक्रेत्याने ते बरोबर हेरलं.

“देराँचं नाही म्हणत मी, पण त्याच्या शेजारी बसून कुणीतरी काढलेलं. १९०५ चंच.” चौकट जुनी, मागे पिवळट चिठ्ठी. सतराशेचे चौदाशे केले. पैसे दिले. पावतीवर त्याने लिहिलं ‘मानिएर द देराँ’. मला त्यातलं फक्त देराँचं नाव दिसलं.

दोन महिन्यांनी कोलिउरला गेले. तिथे मातिस आणि देराँनी ती चित्रं जिथून काढली, त्या त्या जागी त्यांच्या प्रतिकृती लावल्या आहेत. एका प्रतिकृतीपाशी माझे पाय लटपटले. माझं अख्खं चित्र तिच्या उजव्या कोपऱ्यात होतं. त्याच डोलकाठ्या, तेच फटकारे. तो कोपरा कापून मोठा केला होता.

घरी येऊन भिंगातून पाहिलं. लाल होडीत लाल रंग नव्हताच, छपाईचे बारीक ठिपके होते. वर पारदर्शक लेप ब्रशने फिरवून उंचवटे आणले होते. देराँ फटकाऱ्यांच्या मध्ये कोरा कॅनव्हास सोडायचा. इथे उंचवटे त्या कोऱ्या जागांवरूनही सरळ गेले होते. विजेरी तिरकी धरली असती तर बाजारातच कळलं असतं.

मग वकिलाकडे गेले. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ चा एक अध्यादेश आहे. त्यानुसार ‘आत्रिब्युए आ’, म्हणजे ‘अमक्या चित्रकाराचं मानलेलं’, असं लिहिलं, तर चित्र त्या चित्रकाराच्या काळातलं असल्याची हमी मिळते. ‘मानिएर द’ म्हणजे नुसतं त्याच्या धर्तीवरचं. त्यात चित्रकाराची, काळाची, कशाचीच हमी नाही. तोंडी सांगितलेलं सिद्ध करायला माझ्याकडे साक्षीदार नव्हता. मला सर्वांत जास्त लागलं ते पुढचं: गिऱ्हाइकाने मागितलं, तर विक्रेत्याने वस्तूचं मूळ आणि वय याबद्दल जे सांगितलं ते पावतीवर लिहून द्यावंच लागतं. मी पावती मागितली, पण ‘१९०५ लिहा’ म्हटलं नाही. तुम्ही म्हणा. पैसे काढण्याआधी म्हणा आणि त्या दोन शब्दांचा अर्थ तिथेच फोनवर बघा.

विक्रेत्याला जाब विचारायला गेले, तेव्हा त्याने शांतपणे पावतीवर बोट ठेवलं. त्याच्या मागे, तशाच जुन्या चौकटीत, तशीच पिवळट चिठ्ठी लावून, त्याच चित्राचा डावा कोपरा उभा होता.